काकूंच्या पेजचे तीस दिवस

९ नोव्हेंबर

प्रिय,

(हा शब्द नको असेल तर खोड. पेन मामांच्या काउंटरवर असतं, दोरीला बांधलेलं.)

तू मला चार ठिकाणी ब्लॉक केलं आहेस. पाचवं ठिकाण कागद. तो फाडता येतो, पण त्यासाठी आधी हातात घ्यावा लागतो, एवढ्याच आशेवर लिहितोय.

तुझ्या मामांच्या झेरॉक्सच्या दुकानात हे पत्र द्यायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "पत्र? मेसेज कर की."

"ब्लॉक आहे, मामा."

"म्हणजे तिला तुझ्याशी बोलायचं नाही. एवढं कळायला कॉलेज पूर्ण करावं लागत नाही."

मी म्हटलं, काकूंच्या पेजबद्दल आहे. तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं, मागच्या गिऱ्हाइकाला "दोन मिनिटं" म्हणाले आणि मला सगळं सांगितलं.

मला आज सकाळी कळलं. दर रविवारी मी तुझ्या आईचं, काकूंचं ते आरोग्याचं पेज उघडतो. काकू गेल्यापासून बायकांच्या प्रश्नांना तू उत्तरं देतेस, ती वाचतो. "ताप उतरत नसेल तर वाट बघू नका, दवाखान्यात जा." तुझ्या या दोन ओळींवर माझा आठवडा निघतो. हस, पण निघतो. आज उघडलं तर पांढरं पान, मध्ये राखाडी अक्षरं: हे पेज उपलब्ध नाही. मला वाटलं तू पाचव्यांदा ब्लॉक केलंस. मग मित्राच्या फोनवर पाहिलं. तिथेही तेच.

मामांनी सांगितलं की ४ तारखेला अ‍ॅपने तीन व्हिडिओ काढून टाकले, 'नग्नता' म्हणून. तीन चुका झाल्या की पेज बंद. एकशे चाळीस व्हिडिओ, त्याखालचे बायकांचे सगळे प्रश्न, सगळं बंद. तू अपील केलंस आणि दोन मिनिटांत उत्तर आलं: पुन्हा तपासलं, निर्णय कायम. तीस दिवसांनी, म्हणजे ४ डिसेंबरला, सगळं कायमचं पुसलं जाणार. आणि काकू सरळ अ‍ॅपमध्येच रेकॉर्ड करायच्या, त्यामुळे घरात एकही प्रत नाही. मामा म्हणाले, "ताईचा फोटो भिंतीवर आहे. आवाज कुठे आहे सांग?" मग ते पुन्हा मशीनकडे वळले आणि कुणाच्या तरी गुणपत्रिकेच्या नको तितक्या प्रती काढल्या.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. माझी 'कॉम्प्युटरची नोकरी' म्हणजे नेमकं काय, ते मी कुणाला सांगत नाही. त्या अ‍ॅपवर लोक ज्याची तक्रार करतात ते राहायचं की जायचं, हे ठरवणाऱ्या एका कंत्राटी कंपनीत मी चौदा महिने बसतोय. आपल्या भाषेतलं सगळं आमच्याच मजल्यावर येतं. म्हणजे काकूंचे व्हिडिओ ज्याने काढले तो माझ्या पन्नास पावलांच्या आत बसतो.

तू म्हणशील, झाली याची सुरुवात. कॉलेजात ते सर तुला वर्गासमोर घालूनपाडून बोलले, तेव्हा मी त्यांची कॉलर धरली, आणि तू माझ्यावर चिडलीस: "माझं भांडण होतं ते. तू का चोरलंस?" मला ते अजून पूर्ण कळलेलं नाही. पण त्या माणसाला मी शोधणार आहे. त्याला काकूंच्या आवाजाची किंमत कळलीच पाहिजे.

तुझ्या आईने ठेवलेल्या नावाने सही करतो,
काडेपेटी


१४ नोव्हेंबर

तू पत्र घेतलंस. मामा म्हणाले, "घेतलं. वाचलं की नाही ते मला विचारू नकोस, मी काही पोस्टमन नाही." पण परत आलं नाही, तेवढं पुरे.

आमचं काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे मी कुठे शोधतोय ते कळेल.

लांबच लांब टेबलं, खिडक्यांना कायम पडदे, फोन बाहेरच्या लॉकरमध्ये. समोर एक पडदा. त्यावर एकेक गोष्ट येते: फोटो, व्हिडिओ, चार ओळी. कुणाची आहे ते दिसत नाही, नाव आणि पेज झाकलेलं असतं, पक्षपात नको म्हणून. खाली दोन बटणं: ठेवा, काढा. दिवसाला नऊशे. नऊशेच्या खाली गेलं की टीम लीडर मॅडम मागे येऊन उभ्या राहतात. ओरडत नाहीत. नुसत्या उभ्या राहतात.

मी आलो तेव्हा सहाशेवर अडकायचो. मग एक युक्ती काढली: व्हिडिओ दुप्पट वेगाने, आवाज बंद. आवाजाने वेळ जातो आणि रात्री झोपही जाते. जे काढायचं ते डोळ्यांना दिसतंच. महिन्याभरात मी अकराशेवर गेलो. मॅडमनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवायला लावल्या. आता अर्धा मजला असंच करतो. कॉलेजात माझं कुणी काही उचललं नाही, इथे उचललं.

आणि हे काम बिनकामाचं आहे असं समजू नकोस. मी काय काय काढलंय ते तुला सांगणार नाही. लहान मुलांचं असतं, मारहाणीचं असतं, एखाद्या मुलीचा पत्ता टाकून 'हिला धडा शिकवा' असं असतं. "कुणी काहीही काढू नका, सगळं राहू द्या" म्हणणाऱ्याला माझ्या खुर्चीत तासभर बसवा, पाणी मागेल. पण हेही खरं की साप साप म्हणून भुई धोपटायची सवय लागते. आणि कुठली भुई धोपटायची ते ठरवणारे 'वरचे' आम्ही कधी पाहिलेले नाहीत. त्यांचे नियम दर सोमवारी येतात. मागच्या आठवड्यात जे चालायचं ते या आठवड्यात चालत नाही. का, ते विचारायला जागा नाही. आपल्या भाषेत बोलणारी एवढी माणसं, आणि त्यांनी काय बोलावं याचा कागद दूर कुठेतरी बसलेला माणूस लिहितो, ज्याला आपल्या भाषेत पाणीसुद्धा मागता येणार नाही. तू मामांना म्हणालीस म्हणे, "आपण मालक समजत होतो, भाडेकरू होतो." बरोबर बोललीस. आणि घरमालक एकच, सगळ्या गावाला.

तुझं अपील दोन मिनिटांत का फेटाळलं गेलं तेही कळलं. ते माणसाकडे आलंच नाही. यंत्राने जुना निर्णय पाहिला आणि तोच पुन्हा दिला.

माझा संशय एकावर आहे. आम्ही त्यांना 'प्रूफ' म्हणतो. पन्नाशीचे गृहस्थ, एका वर्तमानपत्रात प्रूफरीडर होते, ते बंद पडल्यावर इथे आले. नियम तोंडपाठ. सोमवारचा कागद आला की लाल पेनाने त्यातल्या चुका काढतात. असा माणूस नियमावर बोट ठेवून काकूंनासुद्धा काढेल. शिवाय आठवड्यातले दोन दिवस ते दुसऱ्यांचे निर्णय तपासण्याच्या टेबलावर असतात, म्हणजे लपवालपवी करायला मोकळे.

गुरुवारी त्यांना गाठतो.

काडेपेटी


२० नोव्हेंबर

आज भांडण झालं. तुला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो.

जेवणाच्या सुट्टीत प्रूफ डबा उघडून बसले होते. मी समोर बसलो आणि विचारलं, ४ तारखेचे ते तीन व्हिडिओ कोणी काढले.

"ते सांगता येत नाही," ते म्हणाले. "नियम सत्तावीस."

"तुम्ही काढलेत म्हणून सांगता येत नाही."

"अहो तरुण, आधी जेवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांचा डबा सरकवला, तो खाली पडला. मग कॉलर धरली. चाळीस माणसं बघत होती. मी म्हणालो, कुणाची तरी मेलेली आई पुसून टाकलीत तुम्ही, आणि नियम सत्तावीस सांगता?

त्यांनी हात उचलला नाही. खाली वाकून डब्याचं झाकण शोधत राहिले. ते माझ्या खुर्चीखाली गेलं होतं. मग म्हणाले, "मी तपासणीच्या टेबलावर ते तीनही पाहिले, ११ तारखेला. चुकीचे काढलेत, असा शेरा मारला. माझ्या शेऱ्याने काही होत नाही, तो नुसता टक्केवारीत जातो. काढणाऱ्याचा नंबर हवाय तुम्हाला?"

"हवाय."

त्यांनी तो सांगितला.

तर, कोणी केलं ते कळलं आहे. नंबर इथे लिहून उपयोग नाही, तुला त्यातून काय कळणार. आणि खरं सांगायचं तर माणूस शोधण्यात अर्थच नाही, हे मला आता पटलंय. त्या जागी कोणीही असता तरी हेच झालं असतं. दिवसाला नऊशे, एकेकाला काही सेकंद, नाव झाकलेलं. त्या व्हिडिओत चेहरासुद्धा नाही, हनुवटीपासून कमरेपर्यंतच आहे. कोण ओळखणार? दोष असलाच तर पद्धतीचा आहे. वर बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचा आहे. बिचारा बटण दाबणारा काय करणार.

तेव्हा मी आता सगळा जोर पेज परत आणण्यावर लावतो. बाकीचं सोडून देऊ.

प्रूफची माफी मागायची राहिली आहे. उद्या मागेन.

काळजी घे.


२१ नोव्हेंबर

सकाळी मामांकडे गेलो. म्हटलं, कालचं पत्र परत द्या, अजून दिलं नसेल तर. ते ड्रॉवरमध्ये होतं, मला दिसत होतं.

मामा म्हणाले, "टपालपेटीत एकदा पडलं की काढता येत नाही."

"तुम्हीच म्हणालात, तुम्ही पोस्टमन नाही."

"काल नव्हतो. आज आहे. त्यात असं काय लिहिलंस की परत पाहिजे?"

त्यांनी स्वतःच एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. "मग याच्यावर खरं लिही. दोन्ही एकदम देतो. तिला आधी कुठलं वाचायचं ते ती ठरवेल." त्यांच्या स्टुलावर बसूनच हे लिहितोय. मागे मशीन चालू आहे.

नंबर ४४७१. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर छापलेला आहे. प्रूफनी काल तो सांगितला तेव्हा मी म्हणालो, "हा कोण?" ते म्हणाले, "मान खाली घाला, दिसेल."

काकूंचे तीनही व्हिडिओ मी काढले. ४ तारखेला, सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी. पहिल्याला नऊ सेकंद, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला चार. तिसऱ्यात ऑपरेशन झालेली बाजू आहे, टाक्यांची रेघ. ती बघून मी तोंड वाकडं केलं असणार. आठवत नाही. तेच वाईट आहे, की आठवतच नाही. त्या दिवशी मी एक हजार एकशे चाळीस केले होते, आणि घरी जाताना खूश होतो.

तू विचारशील, पेज दर रविवारी बघणाऱ्याला ते व्हिडिओ ओळखता आले नाहीत? मी काकूंचे तापाचे पाहिलेत, साखरेचे पाहिलेत, भाजल्यावर काय करायचं तो तर दोनदा. हे तीन कधी उघडलेच नाहीत. बायकांसाठीचे आहेत, आपण कशाला बघायचे, म्हणून लाज वाटली. लाज वाटून जे बघितलं नाही तेच लाजिरवाणं म्हणून काढून टाकलं.

काल प्रूफनी त्यांच्या टेबलावर ते मला आवाजासकट दाखवले. मी काही सेकंदांतच ओळखलं. कोण नाही ओळखणार? "बायांनो, चेहरा बघायचा नाहीये, छाती बघायचीये. तुमची. रोज अंघोळीला जाता ना, तिथे. नवऱ्याला वेळ नाही आणि डॉक्टरला तुमच्यापर्यंत यायचं नाही, तेव्हा आपली बोटं आपल्या कामाला लावा." तिसऱ्यात त्या म्हणतात, "ही बाजू गेली. मी नर्स असून उशीर केला. तुम्ही करू नका." मागे कुकरची शिट्टी होते आणि त्या तुला हाक मारतात, गॅस बंद कर म्हणून. तू "हो" म्हणतेस. तुझाही आवाज आहे त्यात. तोही मी काढला.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. कालच्या पत्रात मी 'बिचारा बटण दाबणारा' असं लिहिलंय. ते वाच आणि मी केवढा धूर्त आहे ते बघ. पद्धत वाईट आहे हे खोटं नाही. पण आवाज बंद करायची युक्ती वरून आलेली नव्हती. ती माझी होती.

आणखी एक. मी एकदा काढलं की यंत्र त्या व्हिडिओचा ठसा घेतं आणि जिथे जिथे त्याची प्रत असेल तिथून तीही उडवतं. बायकांनी बहिणींना, सुनांना पुढे पाठवलेल्या प्रती, सगळ्या मिळून चारशे तीस. मी तीनदा बटण दाबलं. बाकीचं त्याने माझ्याकडून शिकून केलं.

सही करत नाही. नंबर लिहिलाय वर.


२७ नोव्हेंबर

हे पत्र कामाचं आहे. वाचताना माझ्यावर राग आला तरी शेवटपर्यंत वाच, सात दिवस राहिलेत.

आमच्याकडे 'चूक-नोंद' नावाचा एक फॉर्म आहे. ज्याने काढलं त्यानेच तीस दिवसांच्या आत तो भरायचा: माझा निर्णय चुकला. मग ते प्रकरण यंत्राला वगळून एका वरिष्ठ माणसासमोर जातं. चौदा महिन्यांत हा फॉर्म भरलेला एकही माणूस मी पाहिलेला नाही. कारण महिन्यात तीन नोंदी झाल्या की कंत्राट संपतं. आणि आपले व्हिडिओ तीन आहेत.

मी मॅडमकडे गेलो. त्यांनी दार लावून घेतलं.

"तू एकटाच चुकलास असं वाटतं का तुला?" त्या म्हणाल्या. "या मजल्यावर रोज किती चुकतं, माहीत आहे मला. प्रत्येकाने कबुली द्यायची ठरवली तर उद्या इथे दिवे लावायला माणूस राहणार नाही."

"मग न लावलेले बरे."

"डायलॉग मारू नकोस. ओळखीचं आहे ना कुणी?"

मी हो म्हणालो.

"एकच भर. एक परत आला तर दोनच चुका राहतील, पेज उघडेल. दोन व्हिडिओ जातील. तू राहशील."

खोटं कशाला सांगू, मी विचार केला. चांगला दोन दिवस विचार केला. एकशे चाळीसमधले एकशे अडतीस परत येतात, तर दोनाचं काय एवढं, असा. आणि त्या दोनांतला एक कुठला ते मीच ठरवायचं. मग माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा खुर्चीत बसलोय: हा ठेवा, हा काढा. परवा तिन्ही फॉर्म भरले. मॅडमनी ते पुढे पाठवले. एवढंच म्हणाल्या, "पंधरा डिसेंबरपर्यंत ये. नवी बॅच तयार होईपर्यंत मला माणूस लागेल." वाईट बाई नाहीत त्या. त्यांच्याही मागे येऊन उभं राहणारं कुणीतरी आहे.

आता तुझं काम. माझी नोंद नुसती पडून राहते. पेजच्या मालकाने नव्याने तक्रार केली तरच ती उघडते, आणि तक्रारीत निर्णय देणाऱ्याचा नंबर घालावा लागतो. तो बाहेरच्या कुणाला कधी कळत नाही, म्हणून ही वाट असून नसल्यासारखी आहे. तुला कळलेला आहे. 'इतर' नावाच्या रकान्यात जा, ४४७१ लिही, तीनही व्हिडिओंच्या तारखा लिही, आणि या माणसाने आवाज न ऐकता निर्णय दिला, असं स्पष्ट लिही. माझ्याविरुद्ध लिही. हात आखडू नकोस. शब्द तुझे घाल. मी मसुदा करून देणार होतो, मग फाडला.

मामांकडे चांगलं इंटरनेट आहे. ४ तारखेची वाट बघू नकोस.

प्रूफची माफी मागितली. ते म्हणाले, "झाकण चेपलंय, तेवढं सरळ करून द्या." दिलं.


११ डिसेंबर

पेज २ तारखेला दुपारी उघडलं. मी टेबलावर होतो, फोन लॉकरमध्ये. सुटल्यावर जिन्यात उभा राहून पाहिलं. एकशे चाळीस. मोजले नाहीत, वर आकडाच असतो. जिन्यातून जाणारा एक जण म्हणाला, "काय रे, निकाल लागला का?" मी हो म्हणालो.

चारशे तीस प्रती मात्र आल्या नाहीत. त्या ज्या बायकांच्या होत्या त्यांनी प्रत्येकीने वेगळी तक्रार करायची, असं उत्तर आलं. त्यांना काही काढलं गेलंय हे माहीत तरी असेल की नाही, कोण जाणे.

५ तारखेला पेज पुन्हा दिसेना. मी कामावर न जाता धावत मामांकडे. मामा शांतपणे कागद लावत होते. म्हणाले, "श्वास घे. तिनेच बंद केलंय. आधी सगळे उतरवून घेतले, तीन ठिकाणी ठेवले. मग ताईच्या जुन्या दवाखान्यातल्या बायकांना बोलावलं, ज्यांनी त्यांनी आपापल्या फोनमध्ये घेतले. आता कुणाच्या बापाला काढता येणार नाहीत."

"आणि ज्या लांबच्या बायका पेजवर यायच्या?"

"तेच मीही विचारलं. म्हणाली, तो प्रश्न सुटलेला नाही. थोडे दिवस बंद, मग बघू. जाणार कुठे, म्हणाली, बायका तर तिथेच आहेत." मग त्यांनी ड्रॉवर उघडला. "चिठ्ठी आहे तुझ्यासाठी. मी वाचलेली नाही असं म्हणणार नाही."

तुझं अक्षर दोन वर्षांनी पाहिलं. मी घडी उघडण्याआधी काय काय वाटून घेतलं ते लिहीत नाही, तुला अंदाज असेल. आत एक ओळ होती.

'ती माझी आई नसती तर तू सांगितलं असतंस का?'

सहा दिवस मी उत्तर लिहितोय. पहिली चार उत्तरं छान होती. त्यात मी कसा बदललोय ते होतं. पाचव्यात तूच मला बदललंस असं होतं. सगळी टाकली. उत्तर एवढंच आहे: नसतं सांगितलं. मला कळलंच नसतं, आणि कळतं तरी नसतं सांगितलं. मी प्रूफच्या डब्याशी भांडलो ते एका बाईच्या आवाजासाठी नाही, तुझ्या आईच्या आवाजासाठी. त्यातही अर्धं भांडण तू पेज बघणार, माझं पत्र वाचणार, यासाठी होतं.

तेव्हा मी एक काम सुरू केलंय. आम्हाला स्वतःचे मागच्या तीस दिवसांतले निर्णय बघता येतात. त्याआधीचे गेले. चौदा महिन्यांतला एक महिना फक्त हाताला लागतो, आणि त्यातलाही एक दिवस रोज पुसला जातो. मी पहिल्यापासून बघतोय, वेग सरळ, आवाज चालू. प्रूफ शेजारी खुर्ची घेऊन बसतात. एवढ्या हळू की मॅडम येऊन उभ्याही राहत नाहीत, मी आता हिशोबात नाही. आजवर सहाशे झाले. बरेचसे काढायलाच हवे होते, ते ऐकल्यावर जास्तच पटलं. एकतीस चुकलेले निघाले.

त्यांतली एक बाई आहे. एका तरुणाचा फोटो छातीशी धरलेला, खाली फोन नंबर. मी काढलं होतं: खासगी नंबर, बदनामीचा संशय, पाच सेकंद. आवाज लावला. ती म्हणते, हा माझा मुलगा, दुकानातून येतो म्हणून गेला, डोक्याने जरा अधू आहे, पण नाव विचारलं तर सांगतो. तुम्ही फक्त नाव विचारा. मी ते काढलं त्याला परवा तेवीस दिवस झाले होते. फॉर्म भरला, आणि तो नंबर हातावर लिहून बाहेर आलो. आतलं बाहेर न नेण्याचा नियम सत्तावीस मोडला. लावला. तिने पहिल्या रिंगला उचलला आणि "हॅलो" न म्हणता म्हणाली, "सापडला?" मी नाही म्हणालो. कोण बोलतोय, ती म्हणाली. तिला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आता दिसतंय का ते लोकांना?" मी म्हटलं, आज संध्याकाळपर्यंत दिसेल. "मग ठेवा," ती म्हणाली, "फोन मोकळा हवा."

तो अजून सापडलेला नाही. मी रोज विचारतो. ती रोज उचलते.

त्या फॉर्ममध्ये शेवटी एक रकाना असतो: चूक कशी लक्षात आली? काकूंच्या वेळी मी लिहिलं होतं, 'व्यक्ती ओळखीची आहे'. या एकतिसांतलं कुणीच ओळखीचं नाही. काहीतरी लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. तुझी चिठ्ठी आठवून मी सगळ्यांवर एकच लिहितोय: 'विचारलं म्हणून.'

काल मॅडमनी तो गठ्ठा हातात धरून विचारलं, "कोणी विचारलं?"

मी म्हटलं, ते सांगू का, हे मला आधी तिलाच विचारावं लागेल.